सातवा टेक

ताईला जाऊन तीन महिने झाले होते. आम्हा दोघी बहिणींच्या एकत्र संसारावर दहा मिनिटांचा माहितीपट करणारा दिग्दर्शक मला म्हणाला, "मावशी, तिच्या खोलीचं दार वाजवा आणि नेहमीसारखी हाक मारा."

"खोटं न वागण्याचा माझा रोजचा नेम आहे हो."

"खोटं कुठे? रोज घडायचं तेच परत करायचं."

एकदा उजेड कमी पडला, एकदा माझा चेहरा. त्याने सात वेळा हाक मारायला लावली. सातव्यांदा हाक खरंच रोजच्यासारखी निघाली, तेव्हा कुठे "मस्त" म्हणाला.

पुढे फिल्म दाखवायला बोलावलं. पडद्यावर मी दार वाजवलं, "ताई!" म्हटलं आणि आतून ताई म्हणाली, "आले गं."

माझा आवाज सहसा चढत नाही. तेव्हा चढला. "गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालता? कोणाला बसवलंत आत? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"आम्हाला वाटलं, तुमचंच कोणीतरी आत आहे. खरं वाटलं म्हणून सातव्याऐवजी पहिलाच टेक ठेवला," दिग्दर्शक म्हणाला.

नंतर त्यांच्या ध्वनिमुद्रकाने मला बाजूला नेऊन गुपचूप सगळे टेक ऐकवले.

चौथ्यात, "आले म्हटलं ना!"

सहाव्यात, "किती हाका मारशील?"

सातव्यात खोलीतून काहीच आलं नाही.

"हा तुमच्या पदराला लावलेला माइक," तो म्हणाला आणि त्याने तो आवाज वाढवला.

माझ्या हाकेनंतर, अगदी माझ्या श्वासाला लागून ताईने विचारलं, "आले बघ. काय काम होतं?"