पुठ्ठ्यावरचा गजर

"ही पेटी माझ्या मागं येईल?" हरिश्चंद्रबुवांनी विचारलं.

महिपतच्या पडवीत गणपतीपुढे भजनी मंडळ जमलं होतं. चौऱ्याऐंशी सालचा गणपती. झांजा होत्या, पखवाजावर सदू होता. पेटीवाला मात्र दुबईला नोकरी लागून गेला होता. जाजमावर महिपतने आणून ठेवलेली वस्तू दिसायला पेटीसारखी, पण तिला वाजवायच्या पट्ट्याच नव्हत्या. त्यांच्या जागी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ आणि बाजूला फिरवायचा दांडा.

मुंबईच्या गिरणीत महिपत नक्षीच्या मागावर होता. असल्याच पुठ्ठ्यांच्या भोकांवरून कापडावर मोर उतरायचे. त्या मागात उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा त्याला नोकरीपेक्षा पेटीचं दुःख जास्त झालं. पूर्वी दर गणपतीला गावी येऊन मंडळाची पेटी तोच वाजवायचा. गावी आल्यावर त्याला हा नाद लागला. मोडक्या पेट्यांतले पितळी सूर काढायचे, घासायचे, भोकांच्या एकेका ओळीखाली एकेक बसवायचा. चुकलेला पुठ्ठा चुलीत. "तुमच्या चुकांवर माझा भात शिजतोय," तुळसा, त्याची बायको, म्हणायची.

"येईल का नाय, ते गाऊनच बगा," महिपत म्हणाला.

बुवा हसले. "अरे, गाणारा माणूस हाय. कुठं रेंगाळेल, कुठं धावेल. तुझा पुठ्ठा घड्याळासारका पुढं निघून जाईल."

महिपतने उरलेल्या दोन बोटांत दांडा धरला. तुळसा पदर खोचून पेटीमागे भात्याशी बसली. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. या जाजमावर आजवर बाई बसली नव्हती. पण घर तिचं, गणपती तिचा, कोण बोलणार?

बुवांनी गजर उचलला. दांडा फिरला, पुठ्ठे सरकू लागले आणि पडवी सुरांनी भरली. बुवांनी लय वाढवली; दांडा भरभर फिरला. त्यांनी लय एकदम उतरवली, दांडाही मंदावला. सदूच्या भुवया वर गेल्या.

मग बुवांनी मुद्दामच वरचा सूर धरला आणि सोडेचनात. महिपतने दांडा होता तिथे थांबवला. भोक उघडं राहिलं, त्याखालचा सूर वाजत राहिला. आता सगळं तुळसाच्या हातात होतं. ती भाता मारत होती, ना जोरात, ना हळू, आणि टक लावून बुवांच्या तोंडाकडे पाहत होती. बुवांच्या मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला. अखेर त्यांचा श्वास तुटला.

सूर चालूच होता.

महिपतला एवढं भरून आलं की दांडा पुढे फिरवायचंच तो विसरला. बोटं गेल्यावर त्याने कितीतरी वेळा स्वतःला या जाजमावर पाहिलं होतं. बाजूला तुळसा असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

बुवा तांब्याभर पाणी प्यायले. "आली बाबा मागं," ते म्हणाले. "उद्यापासून घरोघरच्या भजनाला पेटी घेऊन ये."

"पेटी एकटी वाजत नाय, बुवा," महिपत म्हणाला. "आमी दोघं येऊ."

बुवांनी तुळसाकडे पाहिलं, मग मंडळींकडे. सदूने पखवाज उचलला आणि भिंतीकडे थोडा सरकला. "वयनी, हितं बसा. टेकायलाही मिळेल."

तुळसा जागची हलली नाही.

"भिंतीकडून बुवांचं तोंड दिसत नाय," ती म्हणाली. "श्वास कधी घेतात, ते मला दिसायला हवं."

बुवांनी स्वतःच आपलं बसकर उचललं आणि तिच्या समोर आणून टाकलं.