भाचीचा ठिपका

नवजात बाळांच्या रक्ततपासणीसाठी नवा मास स्पेक्ट्रोमीटर निवडायचा होता. रोजचे हजार नमुने, चाचणीला आलेली दोन मशीनं, आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं. मी नमुन्यांत गुपचूप एक जुना कागद सरकवला. त्यावर भाचीच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका होता. सहा वर्षांपूर्वी आम्ही तिचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिला, उपचारांची वेळ निघून गेली, पोर अजून बोलत नाही. “मशीनच जुनं गं, ताई,” हेच मी बहिणीला सांगत आले. पहिल्या मशीनने आजार पकडला, दुसऱ्यानेही. जीव भांड्यात पडला. मदतनीस म्हणाली, “मॅडम, तो नमुना आपल्या जुन्या मशीनवरही लावून बघितला. त्यानेही पकडलाय.” भाचीची फाइल मी सहा वर्षांत पहिल्यांदाच उघडली. आलेखात आजाराचा सुळका स्पष्ट होता. खाली ‘नॉर्मल’ आणि माझी सही. ताईचा फोन आला: “आता तरी चांगलं मशीन घ्या गं.”