हयात असेपर्यंत

"सही इथे, मिसेस टोलेफसन," ब्रेंट म्हणाला. व्हर्नाबाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. ही चौथी वेळ.

ब्रेंटने कॉफीचा घोट घेतला. वाचनालयासाठी देणग्या गोळा करण्याच्या नोकरीत घाई करून चालत नाही. योजना तशी अगदी सरळ होती. बाईंनी पन्नास हजार डॉलर गावच्या वाचनालयाला द्यायचे. वाचनालयाने त्यांना हयात असेपर्यंत दर तिमाहीला ठरलेली रक्कम द्यायची. त्यांच्यामागे उरेल ते वाचनालयाचं.

"म्हणजे आई, तू जितकी जगशील तितकं वाचनालयाचं नुकसान," लेक जनेल म्हणाली. "गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही हं."

"पंच्याण्णवनंतर मी पुस्तकं मागच्या दाराने नेईन." बाई ब्रेंटकडे वळल्या. "ही तिमाही रक्कम माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला देता येते?"

"येते की. तुम्ही म्हणाल त्याला, त्याच्या हयातीपर्यंत."

"मग अर्डिसचं नाव घाला. माझी धाकटी बहीण. ऐंशीची."

जनेलने कप खाली ठेवला. "अर्डिसमावशी? आजीच्या पियानोवरून भांडलात त्याला बारा वर्षं झाली. तुझी पत्रं ती न फोडता परत पाठवते. या नाताळचं तर परतसुद्धा आलं नाही. ती तुझी दमडी घेईल?"

"माझी नाही घेणार. पण वाचनालयाचं पाकीट नक्की फोडेल. लहानपणचा एखाद्या पुस्तकाचा दंड राहिलाय की काय, या धास्तीने तरी."

ब्रेंटला हसू आलं. उगाच वेळ नको म्हणून त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "त्यांच्या बँकेचा तपशील मागवून घेतो. पैसे परस्पर खात्यात जमा होतील. टपालाची कटकट नाही."

"खात्यात नको. चेक पाठवायचा."

"आई, आजकाल चेक कोण—"

"चेकच," बाई म्हणाल्या, आणि अखेर त्यांनी सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची.

ब्रेंटने कागद फाइलमध्ये घातले. व्हर्नाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"खात्यात काय, माणूस गेलं तरी पैसे पडत राहतात," त्या म्हणाल्या. "चेकच्या मागे तिला स्वतःला सही करावी लागेल. दर वेळी वटला की मला तेवढं कळवा."