जेवताना काढायचा

“दात सरळ करायचा हा पारदर्शक अलाइनर काढूनच जेवायचं असतं. घास आत अडकून जंतू माजलेत, हिरड्यांतून रक्त येतंय. यापेक्षा तारा बऱ्या होत्या!” डॉक्टर भडकले.

पण काढला की सासरी कळणार. मला बघायला आल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, “दातांची काही तक्रार?” आणि आई बेधडक “छे!” म्हणाली होती.

दुपारी पानं वाढली. हिरडी ठुसठुसत होती, मी नुसता भात चिवडत बसले. शेवटी अलाइनर काढून ताटाशेजारी ठेवला. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

सासूबाई उठल्या आणि झाकणाची वाटी घेऊन आल्या. “यात ठेव. रात्री मी माझी कवळी ठेवते.”

“आई, तुला कवळी आहे?” नवरा ओरडला.

“हळू बोल. तुझ्या बाबांना अजून माहीत नाही.”