धुराचं यंत्र

"धुराचं यंत्र आहे, काका. घरात धूर झाला की वाजतं," शिडीवर उभ्या उभ्या कॅमेरावाल्यानं धडधडीत थाप मारली.

खाली खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याच्या डाव्या डोळ्याखाली जांभळं झालं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "बाथरूममध्ये पाय घसरला." पाय घसरला की माणूस नेमका डोळ्यावर कसा पडतो, हे कॅमेरावाल्यानं विचारलं नाही.

काम म्हाताऱ्याच्या मुलीनं, बेबीनं, दिलं होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आठवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी घातली होती. या घरात बाप आणि तिचा थोरला भाऊ, असे दोघेच. भाऊ बापाला मारतो हे तिला कळून चुकलं होतं, पण बाप कबूल होईल तर शपथ! दर वेळी आपला कुठेतरी पाय घसरलेला. "दोघांनाही कॅमेरा म्हणून सांगू नका," तिनं फोनवर बजावलं होतं. "दादा फोडून टाकेल, आणि बाबा तर त्याच्याही आधी काढून ठेवतील. मला एकदा डोळ्यांनी बघू द्या. मग मी बाबांना इकडेच आणते."

कॅमेरा म्हणजे छताला चिकटवलेली काळी पालथी वाटीच. आतलं भिंग कुठे बघतंय, ते खालच्या माणसाला कळत नाही. कॅमेरावाल्यानं चार स्क्रू आवळले, वायर कपाटामागच्या राउटरपर्यंत नेली, कंपनीचा पासवर्ड बदलला आणि मुलीला कोड पाठवला. तिच्या फोनवर चित्र आलं, पण उलटं. बाप खुर्चीसकट छताला लटकलेला! त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ते सरळ केलं.

तिचा मेसेज आला : 'बाबांच्या डोळ्याला काय झालंय?' मागोमाग दुसरा : 'हे माइकचं बटण कशाचं?'

'ते दाबू नका. तुमचा आवाज इथे ऐकू येईल,' त्यानं घाईघाईनं लिहिलं, आणि खाली उतरून शिडी मिटली.

तेवढ्यात भाऊ आला. दाराएवढा माणूस. "हे काय लावलंय?"

"धुराचं यंत्र आहे रे," म्हातारा गडबडीनं म्हणाला. "बेबीनं पाठवलंय."

"असं? बघू तरी वाजतंय का." भावानं सिगारेट पेटवली, बापाला उठवून खुर्चीवर चढला आणि लांबलचक झुरका मारून सगळा धूर वाटीवर सोडला. वाटी गप्प. आणखी एक झुरका. वाटी गप्प. कॅमेरावाल्यानं निघायला म्हणून शिडी उचलली. यंत्र काही वाजलं नाही. वाजली ती त्याच्या कानाखाली.

शिडीसकट तो भिंतीवर आदळला. "मला बनवतोस?" पोटात लाथ बसली. "काय आहे ते? बोल!" दुसरी लाथ.

"अरे, त्याला कशाला मारतोस? परका माणूस आहे तो," म्हणत म्हातारा मध्ये पडला. मग सगळा राग त्याच्यावर निघाला. भावानं त्याची मानगूट धरून डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. म्हातारा ओरडला नाही. त्यानं फक्त दोन्ही हात डोक्यावर घेतले, नेहमीचंच काम असल्यासारखे. कॅमेरावाल्याला ते बघवत नव्हतं, आणि उठून मध्ये पडायची छातीही होत नव्हती. त्याला स्वतःची शरम वाटली.

"दादा! सोड त्यांना! मी बघतेय, दादा!"

आवाज छतातून आला. भाऊ गर्रकन वळला. त्यानं वर बघितलं आणि बापाची मानगूट सोडली.

"अच्छा! तू आहेस होय वर!" तो हसला. "नवरा कामावर असेल ना तुझा? बस दार लावून. तुला आणि तुझ्या त्या पोटातल्याला दाखवतो आज. आलोच." तो तोंडातून काढलेलं करून दाखवणारा माणूस होता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीचं घर गाडीनं वीस मिनिटांवर. त्यानं किल्ली उचलली आणि उंबऱ्यावर पाठमोरा बसून बूट चढवायला लागला.

छत रडत होतं. "बाबा, तुम्ही निघा तिथून! बाबा, ऐकताय ना?"

म्हातारा कपाट धरून उठला. कपाळातून रक्ताची धार डोळ्यात उतरत होती. "पोरा, तिला दिसतंय इथलं?"

"हो काका. सगळं."

"बंद होतं का हे?"

कॅमेरावाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं होऊनही लेकावर पांघरूण! लेकीच्या जिवावर उठलाय तो, आणि बापाला अब्रूची पडलीय! "काका, राहू द्या चालू. पुरावा आहे तो."

"बंद कर म्हणतो ना!"

आवाज हळू होता, पण नाही म्हणायची सोय नव्हती. कॅमेरावाल्यानं कपाटामागे हात घालून वायर उपटली. "बाबा, तुम्ही—" एवढं बोलून छत गप्प झालं.

उंबऱ्यावर लेक खाली वाकून दुसऱ्या बुटाची नाडी आवळत होता. म्हाताऱ्यानं भिंतीला टेकवलेला दाराचा लोखंडी अडसर दोन्ही हातांनी उचलला.

"आता तूही तिकडे तोंड कर, बाळा," तो कॅमेरावाल्याला म्हणाला.