करकरणारं दार

आजपासून रंगाची स्प्रेगन ताईकडे आणि मी फक्त चाकं धुणार, असा निकाल बाबांनी दिला. पण तो निकाल अजून लागलेलाच नाही असं धरून आधी काय घडलं ते सांगतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची अलॉय व्हील्स रंगवून मिळतात. हल्ली मी रंगावर चकाकीसाठी लॅकर मारला की चाकावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उमटायचे. मी थिनर बदलला, गन धुऊन धुऊन झिजवली, कॉम्प्रेसरला नवा फिल्टर बसवला. खड्डे आपले हजर!

"केसांना काय चोपडून येतोस रे?" बाबांनी विचारलं.

मी डोक्याचा गोटा करून आलो. खड्ड्यांना काही फरक पडला नाही.

"मग चाक पुसताना लक्ष कुठे असतं तुझं?"

शेवटी वैतागून आज मी रंगाच्या खोलीत पिंपामागे लपून बसलो. लॅकर मारायची वेळ झाली तसे बाबा चवड्यांवर चालत आले आणि त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांवर सिलिकॉनचा स्प्रे मनसोक्त फवारला. त्याचा एक कण चाकावर बसला तरी लॅकर तिथून अंग चोरतो आणि खड्डा पडतो, हे मला बाबांनीच शिकवलंय.

"बाबा! अहो, हे काय?"

"दार करकरतं. त्यानेच तुझं लक्ष उडतं आणि खड्डे पडतात," बाबा म्हणाले. "आणि कामाच्या वेळी लपाछपी कसली खेळतोस?"

एवढं बोलून ते ताईला बोलवायला गेले.



म्हणून बाबांना माझा हा अर्ज: तरी सदर दारास पूर्ववत करकरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.