परीक्षेची दाढ

परीक्षकांनी मुलीच्या तोंडातून आरसा बाहेर काढला आणि मान हलवली. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली होती. दाढ आता नुसती भरून भागणार नव्हतं, म्हणजे ती परीक्षेलाही चालणार नव्हती.

खुर्चीमागे उभी असलेली शिकाऊ डॉक्टर पांढरी पडली. तिचं शिक्षण पूर्ण झालं होतं, परवाना तेवढा राहिला होता. परवान्याशिवाय कुणाच्या दाताला हात लावणं गुन्हा. फक्त या दालनात, परीक्षकांसमोर, एक दाढ भरून दाखवायची मुभा होती. पेशंट ज्याचा त्याने आणायचा. दीड महिन्यापूर्वी शाळेतल्या तपासणीत तिला ही दाढ सापडली होती, हवी तेवढीच किडलेली. परीक्षेच्या दिवशी फुकट भरून देईन, ती मुलीच्या आईला म्हणाली होती, फक्त तोवर दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका.

आईची दुसरीकडे जायची ऐपत नव्हतीच. नवऱ्याने फुकटच्या डॉक्टरणीची थट्टा केली, सासूने दाढेखाली धरायला लवंग दिली. घरात जिला सगळे रेडिओ म्हणत ती नऊ वर्षांची पोर आधी एका बाजूने जेवू लागली, मग पातळच मागू लागली, मग बोलेनाशी झाली. आई तिला जवळ घेऊन सांगायची, थोडी कळ काढ, ही पडून परत येणारी दाढ नाही, वाचवायचीय आपल्याला.

"इतके दिवस का थांबलात?" परीक्षकांनी विचारलं.

शिकाऊ डॉक्टरने आईकडे पाहिलं. पेशंटला असं थांबवून ठेवायला बंदी होती. सकाळी सही केलेल्या फॉर्मवर ते छापलेलं होतं आणि आईने तो फॉर्म ओळ न् ओळ वाचला होता. खरं सांगितलं तर या डॉक्टरणीला आत्ताच परीक्षेतून बाहेर काढतील. मग दाढेचं कोण बघणार?

"माझंच दुर्लक्ष झालं," आई म्हणाली. खुर्चीतल्या लेकीने डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

परीक्षकांनी तसं लिहून घेतलं. नस साफ केली तर दाढ अजून वाचेल, पण आठवड्याच्या आत. आज इथे परीक्षेखेरीज काही करता येत नाही, असं सांगून ते पुढच्या खुर्चीकडे गेले. शिकाऊ डॉक्टरने बाहेरच्या बाकावर राखून ठेवलेली दुसरी मुलगी आत घेतली.

ती त्या मुलीच्या गळ्यात कागदी रुमाल बांधत असताना आई जवळ गेली. मी तुमचं नाव घेतलं नाही, ती हळूच म्हणाली, आता एवढी दाढ तुम्हीच बघा, या आठवड्यात कुठे येऊ ते सांगा.

रुमालाची गाठ बसेना.

"ताई, नापास झाले तर मला हात लावता येणार नाही," शिकाऊ डॉक्टर म्हणाली. "आणि पास झाले, तर उद्यापासून मी दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरीला. तिथे फुकट काही करायची परवानगी नाही."